शांत पोर

बोईसरला लशीच्या रांगेत भाग्यश्री दुपट्यात गुंडाळलेली तान्ही लेक घेऊन बसली होती. पुढच्या बाकावर दोन बाळंतिणी बोलत होत्या.

"याचा उजवा हात हलतच नाय. बाळंतपणात खांदा अडकला, तर डॉक्टरनं मान धरून ओढला."

"कुठल्या दवाखान्यात?"

"उमरोळीच्या वाटेवरच्या."

"माझा पण तिथलाच! त्याचा पण उजवाच हात."

"डॉक्टर काय बोलला?"

"बोलला, पोर शांत हाय, नशीब काढलंस."

"मला पण हेच बोलला! वकील सांगतो, मानेतली शीर ताणली, केस करू."

भाग्यश्रीलाही त्याच डॉक्टरनं हेच सांगितलं होतं. तिनं दुपटं सोडलं. लेकीच्या डाव्या मुठीनं तिचं बोट घट्ट धरलं. उजव्या तळव्याला तिनं कितीदा गुदगुल्या करून पाहिल्या, पण बोटं हललीच नाहीत.

"ताई," ती म्हणाली, "वकिलाकडं मी पण येते."