सातव्या आठवड्याचा ओठ

...कात्री! पुन्हा कात्रीच! तुम्हाला सांगतो, माझ्या दीड महिन्याच्या लेकीचा वरचा ओठ जन्मतःच दुभंगलेला आहे, आणि अख्ख्या खानदानाने गुन्हेगार शोधलाय. माझी बायको! का? तर ती शिवणकाम करते! काकू नाकातून म्हणते, "अगंऽ, सातव्या महिन्यात कचाकचा कापडं कापत होतीस, मग होणार काय?" अहो काकू, तारीख बघा ना!

डॉक्टरबाईंनी मला कागदावर चित्र काढून दाखवलं. बाळाचा चेहरा दोन्ही बाजूंनी सरकत मधे येतो आणि ओठ जुळतो, सहाव्या-सातव्या आठवड्यात! तेव्हा बाळ केवढं? घेवड्याच्या दाण्याएवढं! कधीकधी नाही जुळत, आईचा दोष नाही, म्हणाल्या. मी फरशा बसवणारा माणूस, मला लगेच कळलं. दोन्ही भिंतींकडून काम करत आलो की राहते कधी मधे फट... पण फरशी वाळून, वर माणसं राहायला आल्यावर ती फट पडली असं कुणी म्हणेल?

पण ऐकतंय कोण! मेहुणा म्हणतो, "भावजी, ताई आठव्या महिन्यात शिडीवर चढली होती हं." तारीख बघ ना, गाढवा! माझी आई तर "मी काही बोलत नाही बाबा" म्हणते आणि तासभर बोलते! अहो, दिवस गेलेत हे आम्ही यांना सांगितलंच मुळी तिसऱ्या महिन्यात, ओठाचं काम तर त्याआधीच संपलेलं!

बरं, तीन महिन्यांची झाली की ऑपरेशन आहे, होईल ओठ नीट. पोरगी मजेत! खास बाटलीने दूध पिते, माझ्या शर्टावर ओकते. रडते ती तिची आई. बाळंतपणापासून मशीनकडे बघतसुद्धा नाही!

काल दुपारी तेच चित्र तिच्यापुढे नाचवलं. ओरडलोच, "सातवा आठवडा! कात्रीचा संबंध काय?"

ती हळूच म्हणाली, "बरं. मग सातव्या आठवड्यात मी काय केलं होतं?"

घ्या! अंगाचा असा तिळपापड झाला... कुणावर ओरडू? तोंडातून निघून गेलं, "तू काही नाही केलंस! मी भांडत होतो, चहात साखर कमी म्हणून, आठवडाभर!"

तिने आठवून बघितलं. "हो की!" म्हणाली. डोळे पुसले, उठली, आणि दीड महिन्यांनी मशीन खडखडायला लागलं!

अहो, भांडणानेही होत नाही हो ते! सांगायला तोंड उघडलं... आणि मिटलं.

संध्याकाळी काकूचा फोन. "काय रे, चहावरून म्हणे तू...?"

म्हटलं, हो काकू. मीच.