आमच्या गल्लीपाशी वळलेली रेघ

(सोफे शिवायचं दुकान. भर दुपार, शटर अर्धं खाली. बहीण एका खुर्चीला कापड ठोकते आहे. धाकटा भाऊ, शहराच्या वाहतूक खात्यातला इंजिनिअर, स्टुलावर बसला आहे.)

बहीण : रस्ते मोकळे होतील, धूर कमी होईल, ते सगळं ऐकलं मी. माझा प्रश्न वेगळा आहे. रेघ इथेच का वळली?

भाऊ : कुठली रेघ?

बहीण : वेड पांघरू नकोस. जिच्या आत गर्दीच्या वेळी गाडी नेली की फी लागणार, ती. गेल्या आठवड्यात पेपरात नकाशा आला. अख्ख्या शहरात ती मोठ्या रस्त्याच्या कडेने जाते. आमच्या गल्लीपाशी आली की आत शिरते, चार जागा बाहेर सोडते आणि परत रस्त्याला लागते. त्या चारांत एक माझं दुकान.

भाऊ : हद्द आखताना पुष्कळ गोष्टी बघाव्या लागतात, ताई. वर्दळ असते, रुग्णवाहिकेची वाट असते…

बहीण : हॉस्पिटलचं फाटक पलीकडच्या रस्त्याला आहे. रविवारी मी बघून आले.

भाऊ : मुद्दाम गेलीस?

बहीण : पूर्ण रेघ चालले. साडेतीन तास. दुसरीकडे कुठेही ती अशी पोट काढून बसलेली नाही.

भाऊ : तुला कुणी काही बोललं का?

बहीण : समोरचा चष्मेवाला. तो रेघेच्या आत आलाय. अकरा वर्षं आम्ही चार वाजता त्याच्याकडे चहा पितो. शनिवारी गेले तर म्हणाला, आज दूध नाही. पातेलं उतू चाललं होतं त्याच्या मागे. निघताना म्हणाला, भाऊ असावा तर असा.

भाऊ : लोकांना फीचा रागच येतो. एक गाडी गर्दीत शिरली की मागच्या शंभर जणांचा थोडा थोडा वेळ खाते, आणि तो कुणी भरून देत नाही. फी लावली की ज्याचं खरंच अडलंय तो येतो. बाकीचे बस धरतात, नाहीतर वेळ बदलतात.

बहीण : हे मला पटतं. माझा टेम्पो रोज चौकात अर्धा तास सडतो. म्हणून तर विचारते. चार जागांतली दोन दुकानं बंद आहेत. चौथ्या जागेवर काय उभं राहतंय?

भाऊ : पार्किंग.

बहीण : सात मजली. रेघेच्या अगदी काठावर, पण बाहेर. फी चुकवायची तर गाडी तिथेच लावणार सगळे, आणि पुढे चालत जाणार. मागेल तो दर मिळणार त्या पार्किंगच्या मालकाला. पाया कधी खणला?

भाऊ : बघावं लागेल.

बहीण : मी सांगते. गेल्या उन्हाळ्यात. कापडावर धूळ बसायची म्हणून मी सगळे तागे प्लास्टिकमध्ये गुंडाळले होते. आणि नकाशा आला गेल्या आठवड्यात. मग वर्षभर आधी त्याला कुणी सांगितलं?

भाऊ : ते ठोकणं थांबव जरा.

बहीण : थांबवलं. तू काही घेतलंस?

भाऊ : नाही.

बहीण : इकडे बघून सांग.

भाऊ : नाही घेतलं, ताई. माझा नकाशा सरळ होता. तुझं दुकान आत होतं. मग साहेबांनी बोलावलं आणि दुसरा कागद पुढे सरकवला. त्यात हे वळण होतं. मी म्हटलं, कारण काय लिहू? तर हसले. म्हणाले, तुमच्या बहिणीचं दुकान तिथेच ना? बाहेर राहतंय बघा.

बहीण : आणि तू सही केलीस.

भाऊ : उद्या कुणी विचारलंच तर बोट माझ्याकडे जावं, एवढं त्यांनी बघून ठेवलं होतं. ते मला कळत होतं. तरी घरी जाताना मनाला सांगत राहिलो, की ताईचं तरी बरं होतंय.

बहीण : मला विचारलंस?

भाऊ : नाही.

बहीण : घाबरलास तू. त्यात माझं नाव कशाला घेतलंस?

भाऊ : चुकलं माझं. पण आता नकाशा छापून झालाय.

बहीण : खाली बारीक अक्षरात लिहिलंय, पंधरा दिवसांत लेखी हरकत घ्या. ही बघ. पहिली सही माझी. दुसरी चष्मेवाल्याची. यात माझा काय डाव आहे ते शोधत त्याने तीनदा वाचली.

भाऊ : रेघ सरळ झाली तर तू आत जाशील. तुझ्याकडे सोफा घेऊन येणाऱ्याला फी, टेम्पोला रोज फी.

बहीण : टेम्पो सातच्या आधी आणीन, तेव्हा फी नाही. थोडं गिऱ्हाईक तुटेल. तुटू दे. खाली मान घालून या गल्लीत मला राहायचं नाही.

भाऊ : यात काय काय लिहिलंयस?

बहीण : पाया कधी खणला आणि फाटक कुठे आहे, एवढंच. तू आत्ता बोललास ते घालायचं की नाही, तू ठरव.

भाऊ : नोकरी जाईल माझी.

बहीण : जाऊ शकते. मी खोटं नाही सांगणार.

भाऊ : घरी मुलीला काय सांगू?

बहीण : ते मला नाही सांगता येणार.

भाऊ : …माझा पहिला नकाशा आहे माझ्याकडे. तारखेसकट.

बहीण : कशासाठी ठेवलास?

भाऊ : माहीत नाही. फाडवला नाही.

बहीण : जोडू याला?

भाऊ : जोड.

बहीण : आणि या हरकती द्यायच्या कुणाकडे?

भाऊ : माझ्याच टेबलावर येतात.

बहीण : मग ही घे, आणि पोच दे.