हार घातलेल्या साहेबांचे छायाचित्र

कालकथित पंचफुला मुंजाजी खिल्लारे, आधी तुला वंदन. व्यासपीठाचा मान त्यानंतर. समारंभाचे अध्यक्ष माननीय किशनराव, आज ज्यांना आपण निरोप देत आहोत ते फौजदारसाहेब, जमादार रामसिंग आणि सभागृहातील बंधुभगिनींनो,

साहेबांविषयी दोन गोड शब्द बोलावेत आणि समूहछायाचित्राची सोयही पाहावी, असा निरोप किशनरावांनी धाडला. माझी पत्नी पंचफुला त्यांच्याच गाळ्यात फोटो स्टुडिओ चालवीत असे, म्हणून माझी आठवण झाली असावी. गोड शब्द मी शोधले. सापडले नाहीत.

गेल्या चैत्रातला आठवडी बाजार आपल्यापैकी अनेकांनी पाहिला आहे. मोळीविक्या पेमाला वाटेतली मोळी हलवायला उशीर झाला, आणि साहेबांची काठी त्याच्या पाठीवर पडू लागली. वारंगा फाट्यावरचे लग्न आटोपून पंचफुला तेव्हाच एस.टी.तून उतरली होती. तिने कॅमेरा डोळ्याला लावला.

"ओ बाई! पोलिसाचा फोटो काढणं गुन्हा हाय!"

"मंग सव्वीस जानेवारीला हार घालून खुर्चीवर बसलात, तवा काहून बोलावलं मला? बसलेला पोलीस चालतो, अन् काठी उगारलेला न्हाई व्हय?"

बाजार हसला. साहेब, त्या हसण्याची शिक्षा आपण कॅमेऱ्याला दिलीत. फिल्म भर उन्हात ओढून काढली आणि कॅमेरा ठाण्याच्या मुद्देमालाच्या खोलीत टाकला.

मी ठाण्यात जाऊन एवढेच विचारले : कोणत्या कलमाखाली? रामसिंग जमादार, आपले उत्तर मला पाठ आहे. "सर, कलम सापडून राहिलं न्हाई. पण गुन्हा हाय, हे बराबर." आपण हसता आहात? मला तेव्हाही हसू आले नव्हते. बहात्तरच्या दुष्काळात रस्त्याकडेला मिळालेल्या बेवारस प्रेतांची छायाचित्रे घ्यायला हेच ठाणे याच बाईला बोलावीत असे. तेव्हा कलम आड आले नाही. भर बाजारात जे घडते ते डोळ्यांनी पाहणे कायदेशीर आणि भिंगातून पाहणे बेकायदेशीर? गणवेश लोकांनी पाहावा म्हणूनच असतो ना?

पंचफुला दिवाळीआधी काविळीने गेली. अंथरुणावरूनही विचारी, "आला का हो कॅमेरा?"

साहेब, उद्या आपण कार्यभार सोडणार. म्हणून सभेसमक्ष मागतो. छायाचित्र हवे असेल तर रामसिंगांना ठाण्यात पाठवा. कॅमेरा तिथेच आहे. आपल्या गळ्यात आज हार आहे, तेव्हा गुन्हा घडणार नाही.

मागून कोण म्हणाले, "म्या आणतो"? बसा, पेमाभाऊ. तुम्ही गेलात तर मुद्देमाल म्हणून तुम्हालाच ठेवून घेतील.

अध्यक्षमहाराज, चिठ्ठी पोचली. आवरतो. एवढे बोलू दिलेत, ऋणी आहे. शब्द कठोर गेला असल्यास क्षमा असावी; आशयाबद्दल मी क्षमा मागत नाही. स्टुडिओ आता चालणार नाही. दुसऱ्याची वस्तू कशी परत करतात, तेवढे मात्र साहेबांनी पाहून जावे : गाळा सकाळी झाडून घेतला, दाराला कुलूप लावले, आणि किशनराव, या दोन्ही किल्ल्या आपल्या हाती परत केल्या.