टोपलीत ठेवलेल्या चार पांढऱ्या अळंब्यांबाबत

दि. १९/०८/२०२५

मी, अमृत मगन चौधरी, वय ५४ वर्षे, शिक्षण बी.कॉम., धंदा नोकरी (सूतगिरणीत भांडारपाल), रा. प्रकाशा, ता. शहादा, जि. नंदुरबार, पोलीस ठाण्यात आपण होऊन हजर राहून जबाब देतो की,

मला रानातील अळंब्यांचे फोटो काढण्याचा छंद आहे. रविवार दि. १७ रोजी मी व माझ्या परिचयातील भाग्येश पाटील, वय ३१, असे दोघे नवापूर तालुक्यातील डोंगरात गेलो होतो. सकाळी १०.३० च्या सुमारास रानातील अळंब्या बाजारात विकणाऱ्या दिवलीबाई वळवी भेटल्या. त्या वारुळावरच्या अळंब्या काढत होत्या. उपटताना प्रत्येक अळंबीचे मूळ पाहून मगच ती टोपलीत टाकत. टाकलेली पुन्हा तपासत नव्हत्या. टोपली आमच्याजवळ ठेवून त्या ओहोळावर पाणी प्यायला गेल्या.

"टोपली अर्धीच शे, फोटोमा भरेल दिसाले पाहिजे," असे म्हणून भाग्येशने सागाखालून चार पांढऱ्या अळंब्या आणल्या. त्यांच्या बुडाशी पिशवीसारखे आवरण होते, तीच विषारी जातीची खूण. ही जात विषारी असल्याचे आम्हा दोघांनाही माहीत होते. टोपलीत नीट बसाव्यात म्हणून त्याने बुडखे चाकूने कापून टाकले, अळंब्या वर मांडल्या आणि लगेच सॅनिटायझरने स्वतःचे हात दोनदा चोळले. मी "त्या काढ" म्हणालो. "काढस ना काका, मी काय खावाले देई ऱ्हायनू का?" असे तो हसून म्हणाला.

दिवलीबाई परत आल्या. "झाला का फोटो, दादा? बाजार गाठायचाय," असे म्हणून त्यांनी टोपली पानांनी झाकली व त्या निघून गेल्या.

त्या दिवशी बाजारात दिवलीबाईंकडून घेतलेली अळंबी खाऊन योहान गावित व त्यांची पत्नी प्रिस्किला रुग्णालयात आहेत. विष विकले म्हणून दिवलीबाईंना काल ठाण्यात आणल्याचे मला समजले. आज सकाळी भाग्येशचा फोन आला. "काका, तो फोटो उडाई टाका. बाईनंच मिसळेल व्हई, आपले काय करनं शे?" हे त्याचे शब्द आहेत. मी फोन ठेवला. त्याच्याशी यापुढे बोलणार नाही.

त्या चार अळंब्या दिसत असलेला टोपलीचा फोटो १०.४२ वाजताचा असून मोबाइलसह हजर करीत आहे. कापलेले बुडखे टाकल्याची जागा दाखवण्यास तयार आहे. दिवलीबाईंचा यात दोष नाही.

टोपली माझ्यापासून दोन हातांवर होती. त्या चार अळंब्या मी स्वतः काढल्या नाहीत, कारण माझा फोटो अजून काढून व्हायचा होता.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवण्यात आला. शेवटच्या परिच्छेदात "नजरचुकीने राहिल्या" असे लिहिले गेले होते, ते मी खोडून घेतले. आता मजकूर मी सांगितल्याप्रमाणे खरा आहे.

सही/-
अमृत मगन चौधरी