मोठीच्या नावाने दिलेली ओ

आजच्या सभेचे अध्यक्ष, आमचे डॉक्टरसाहेब, मुख्याध्यापिका बाई, माजी विद्यार्थी संघाची सगळी मंडळी, व्यासपीठावरचे आणि व्यासपीठाखालचेही मान्यवर, खिडकीच्या कट्ट्यावर चढून बसलेल्या नववीच्या मुली, आणि जिच्यासाठी हा एवढा घाट घातलाय ती आजची सत्कारमूर्ती, या सर्वांना माझा नमस्कार.

सत्कारमूर्तीची ओळख मी करून द्यावी आणि ती पाच मिनिटांत आटपावी, असा मला हुकूम आहे. आता तुम्हीच सांगा, सख्ख्या थोरल्या बहिणीची ओळख पाच मिनिटांत कशी करून द्यायची? या शाळेत मी उभं आयुष्य शिवण शिकवलं. पाच मिनिटांत माझा सुईत दोरासुद्धा ओवून होत नाही, हे माझ्या विद्यार्थिनींना ठाऊक आहे. तरी प्रयत्न करते. फारच लांबलं तर बाईंनी घंटा वाजवावी, मी ऐकू आली नाही असं दाखवेन.

तसं मानपत्रात सगळं आलंच आहे. याच शाळेतून ती पहिल्या नंबराने पास झाली. मग लष्करी रुग्णालयात परिचारिकेचं शिक्षण घेतलं, लेफ्टनंट झाली, कॅप्टन झाली, मेजर होऊन निवृत्त झाली. भाषेच्या बाईंनी तिला 'करुणेची मूर्ती' म्हटलंय. बाई, एकदा घरी येऊन बघा. पातेल्याला जरा ओशटपणा राहिला तर ही मूर्ती ते पुन्हा घासायला लावते. चादरीचा कोपरा तिच्या मनासारखा दुमडला नाही तर झोपलेल्या माणसाला उठवून चादर नीट करते. उगीच नाही गावात तिला 'मेजरबाई' म्हणत.

निवृत्त होऊन ती घरी आली त्याला वर्षसुद्धा झालं नाही, आणि उद्या सकाळच्या गाडीने ती पुन्हा चालली आहे. डोंगरापलीकडे, कायमचे अंथरुणाला खिळलेले सैनिक राहतात असं एक घर आहे. तिथे पगार नाही, आणि परत कधी येणार याचा पत्ता नाही. म्हणून सत्कार आणि निरोप आपण एकाच गुच्छात उरकतो आहोत. शाळेची काटकसर तुम्हाला नवीन नाही.

हसून घ्या. यापुढचं मला हसून सांगता येईल असं वाटत नाही.

मुख्याध्यापिका बाई आमंत्रण घेऊन घरी आल्या तेव्हा हिने सरळ नाही म्हणून सांगितलं. बाई बिचाऱ्या चहा अर्धा टाकून गेल्या. मी हिला विचारलं, "अगं, का पण? लोक कौतुकाने बोलावतायत." तर म्हणाली, "जिला आपल्या आईच्या वेळेला पोचायला जमलं नाही, तिचं कसलं कौतुक करताय?" एवढं बोलली आणि उठून शेगडी पुसायला लागली. शेगडी आधीच पुसलेली होती.

हे तिच्या पोटात इतकी वर्षं आहे, हे मला तेव्हा कळलं. मी मागोमाग गेले. म्हटलं, "मग आता त्या डोंगरापलीकडे चाललीयस ती काय त्याचं प्रायश्चित्त घ्यायला?" ही बादली उचलून निघाली. घरी आईचा विषय निघाला की ही उठते. कधी पाणी भरायला, कधी कपडे वाळत घालायला. काहीच नसलं तर दाराची कडी तपासायला. मग मीच तिला गोडीगुलाबीने इथे यायला राजी केलं. मनात म्हटलं, व्यासपीठावरून ही कशी उठेल? चार लोकांसमोर लष्करी शिस्त मोडायची नाही. डॉक्टरसाहेब, तुमची खुर्ची जरा तिच्या वाटेत आहे, ती तशीच राहू द्या.

आमचे वडील लवकर गेले. आई लोकांचे कपडे शिवून घर चालवायची. मोठीने याच शाळेत शिक्षिका व्हावं, साडी नेसून, छत्री घेऊन, रस्त्याने ताठ मानेने जावं, हे तिचं स्वप्न. आणि मोठी एके दिवशी सांगते काय, तर मी सैन्यात नर्स होणार. आई मशीनवर होती. पाय थांबवून म्हणाली, "परक्या पुरुषांची घाण काढायला शिकवलं होय तुला?" ही म्हणाली, "कुणीतरी काढायलाच हवी ना?" मग शब्दाला शब्द वाढला, आणि आई बोलून गेली, "जायचंय तर जा. गेलीस तर मी मेले असं समज."

मोठी गेली. आई काही मेली नाही, माणसं रागाने मरत नाहीत. पुढे रजेवर येणंजाणं सुरू झालं. मुलीचा गणवेशातला फोटो आईने मशीनच्या वर लावला आणि गिऱ्हाइकाने विचारलं नाही तरी सांगायची, "ही माझी मोठी." पण ते वाक्य तिने परत घेतलं नाही. दोघी एकाच मातीच्या. एक मागे घेईना, दुसरी विचारीना. आणि मी दोघींच्या मध्ये बडबड करत बसलेली.

तिच्या रुग्णालयात मी एकदाच गेले, शाळेला सुट्टी होती तेव्हा. लांबच लांब वॉर्ड, दोन्ही बाजूंना लोखंडी खाटा, औषधाचा वास. भर दुपारी एका खाटेवरचा पोरगा हाका मारत होता, "आक्का, ए आक्का." अंग भाजलेलं, डोळ्यांवर पट्टी. डॉक्टरांनी आशा सोडली होती. मोठी त्याच्या उशाशी बसली आणि म्हणाली, "ओ. काय रे?" मी बघतच राहिले. त्याने विचारलं, "गुरांना पाणी पाजलंस?" ही म्हणाली, "पाजलं." "काळीला पण?" "तिलाही पाजलं." तो म्हणाला, "सांभाळून गं, लाथ मारते ती." ही म्हणाली, "मला नाही मारत." तो जरासा हसला. संध्याकाळच्या आत गेला.

बाहेर व्हरांड्यात मी तिला म्हटलं, "खोटं बोललीस की गं." ती हात धूत होती. म्हणाली, "मग काय सांगायचं? तुझी आक्का इथे नाही, तू एकटाच आहेस, असं? हाक मारली की कुणीतरी ओ द्यायची." नव्या मुलींनाही ती हेच शिकवायची. सुई टोचायला चुकली तर रागवायची, पण हाकेला ओ दिली नाही तर त्या दिवशी बोलायचीच नाही त्या मुलीशी.

आता मूळ गोष्टीकडे येते. आई शेवटचं आजारी पडली तेव्हा अध्यक्षस्थानी बसलेले हेच डॉक्टर तिला बघायला यायचे. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, मोठीला बोलावून घ्या. मी कळवलं. तिची रजा मंजूर झाली, बॅग भरून झाली. आणि सीमेवर चकमक उडाली. गाड्या भरभरून जखमी यायला लागले. तिला कुणी अडवलं नव्हतं, मंडळी. वरिष्ठ म्हणाल्या, तू जा. हीच गेली नाही. शेजारच्या दुकानात तिचा फोन आला, "दोन दिवस आईला थांबव." थांबव म्हणे. जसं काही ते माझ्या हातात होतं. मी रागाने फोन आपटला.

इकडे आईला सारखी ग्लानी. मधेच डोळे उघडून म्हणायची, "मोठे, आलीस का गं?" मी तिचं सगळं करत होते, तिला भरवत होते, कूस बदलत होते, आणि हाक मात्र मोठीला. खोटं कशाला बोलू, जिव्हारी लागायचं. मी म्हणायची, "आई, मी धाकटी. मोठी येतेय." ती "बरं" म्हणायची आणि दाराकडे बघत राहायची. घटकाभराने पुन्हा तेच. दर वेळी मी सांगायची आणि दर वेळी तिचा चेहरा नव्याने पडायचा.

शेवटच्या दुपारी तिने तशीच हाक मारली, आणि मला तो भाजलेला पोरगा आठवला. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. मोठीसारखा आवाज जाड केला आणि म्हटलं, "ओ, आई. आले मी."

तिने माझ्या दंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "किती वाळलीस गं." आता बघताय ना मला? या शाळेतल्या एका दारातून तर मला अंग तिरकं करून आत शिरावं लागतं. मला वाळलेली म्हणणारी ती जगातली एकटीच बाई. पण तिच्या हाताखाली मोठी होती ना. मग म्हणाली, "मी तेव्हा बोलले, मी मेले असं समज म्हणून. ते रागात बोलले. मनातून काढून टाक." मी म्हटलं, "काढलं." म्हणाली, "तुझी माणसं खोळंबली असतील. जा तू कामाला, मला धाकटी आहे." आणखी म्हणाली, "माझ्यामागे तिला एकटी टाकू नकोस. बडबड फार करते, पण आतून भित्री आहे."

स्वतःबद्दलचं हे स्वतःच्या कानांनी ऐकलं मी, मंडळी. आणि मोठीच्या आवाजात म्हटलं, "नाही टाकणार." आई "बरं" म्हणाली. या वेळी दाराकडे बघितलं नाही. डॉक्टरसाहेब आले तेव्हा सगळं संपलं होतं, ते साक्षीला आहेत.

मोठे, बस खाली. झालंच माझं.

हे तुला आजवर का नाही सांगितलं? तू उठून जायचीस हे एक. आणि दुसरं म्हणजे, सांगायचं तर पुरतं सांगायला हवं, आणि पुरतं सांगितलं असतं तर तू नोकरी सोडून माझ्यासाठी घरी येऊन बसली असतीस. ओळखते मी तुला. आत्ताही उद्याची गाडी चुकवायचा विचार तुझ्या डोक्यात चालू असेल. तर ऐक. एकटी टाकणार नाही हा शब्द तू दिलेला नाहीस, मी दिलाय. त्यात तुला गुंतवायचा मला काय अधिकार? उद्यापासून घर मला खायला उठेल, हे खरं आहे. संध्याकाळी भीतीही वाटेल, आई काही खोटं बोलली नाही. ते माझं मी बघेन. तू जा.

पण प्रायश्चित्त म्हणून जाऊ नकोस गं. अपराधी असल्यासारखी कुणाच्या उशाशी बसू नकोस. तू तिच्या वेळेला पोचली नाहीस, हे तुझ्यापुरतं खरं. तिच्यापुरतं काय खरं होतं, ते मी बघितलंय. मांडी माझी होती, पण ती गेली तुझ्या मांडीवर.

सभाजनहो, पाच मिनिटं केव्हाच उलटून गेली, आणि घरातलं बोलणं मी चव्हाट्यावर आणलं. तुम्ही ते शांतपणे ऐकून घेतलंत, तुमचे आभार कोणत्या शब्दांत मानू? शाळेचे, संघाचे आणि खुर्ची न हलवल्याबद्दल डॉक्टरसाहेबांचेही मनापासून आभार. बोलण्याच्या भरात काही वेडंवाकडं निघून गेलं असेल, कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. आणि अध्यक्ष महाराज, एक विनंती आहे. मानपत्र द्यायची घाई करू नका. तिने तोंड झाकून घेतलंय, हात मोकळे नाहीत तिचे.