तिकिटावरची आजी

(टपाल कचेरीची खिडकी. बाहेर आई आणि तिची आठ वर्षांची मुलगी, आत पोस्टमास्तर. दुपार.)

आई : ...नियम असेल हो, पण एकच पत्र. निळं पाकीट. शाळा सुटल्यावर हिनं सांगितलं, तशी धावत आले. पेटी उघडा ना!

पोस्टमास्तर : ताई, पेटीत काही नाही. थैली बारालाच गेली. सकाळी अख्खा वर्ग आला होता. काय धमाल केली पोरांनी! पत्रं तोलली, शिक्के मारले...

मुलगी : मी तीन मारले.

आई : तू गप्प बस. कधी पोचेल?

पोस्टमास्तर : उद्या अकराच्या आत. का हो, एवढं काय आहे त्यात?

आई : माझी आई जाऊन एकोणीस दिवस झाले. बाबांना सांगितलेलं नाही. त्यांचं हृदय अगदी... डॉक्टर म्हणाले, इतक्यात नको. त्यांना वाटतंय, ती दवाखान्यात आहे. आणि हिनं त्यांनाच सगळं लिहून टाकलं.

मुलगी : फोनवर बोलायचं नाही म्हणाली होतीस. पत्राचं कुठे म्हणालीस?

पोस्टमास्तर : घरी कुणी नाही? काढून ठेवतील की.

आई : भाऊ आहे. पण बाबांनी तीस वर्षं टपाल वाटलंय. रोज फाटकापाशी उभे असतात. पोस्टमनच्या हातून दुसऱ्या कुणाला घेऊच देत नाहीत.

मुलगी : आणि माझ्या पत्राची तर वाटच बघताहेत. बाईंनी सगळ्यांना फोन करायला लावला, पत्र येतंय म्हणून.

आई : अगं बाई!

पोस्टमास्तर : घाबरू नका. निदान फोडायच्या आत भावानं...

मुलगी : फोडायला कशाला लागतंय? खऱ्या तिकिटाशेजारी मी आजीचं तिकीट काढलंय.

पोस्टमास्तर : ती अंबाड्याची बाई? ही छोटी मला म्हणाली, काका, हिच्यावर शिक्का नको, तोंड काळं होईल. मी बाजूला मारला.

आई : पण तिकिटावर आजी कशाला?

मुलगी : काकाच म्हणाले, तिकिटावर बहुतेक वारलेल्या माणसांची चित्रं असतात.

पोस्टमास्तर : ...म्हणालो खरा. मला काय माहीत!

आई : म्हणजे पाकीट हातात आल्याबरोबर कळेल त्यांना, टपालातलेच ते. तिथेच, फाटकात. एकटे असताना.

पोस्टमास्तर : ताई, आधी बसा. पाणी घ्या. चारची बस आहे, दिवेलागणीला पोचाल. भावाला म्हणावं, डॉक्टरांना घरी बोलावून ठेव. पत्राआधी माणूस पोचलेला बरा.

आई : पोचेन हो. पण तोंड कसं उघडू? रोज फोनवर सांगतेय, जेवली, झोपली, तुमची आठवण काढते. आता समोर बसून काय सांगू? आणि माझ्या बोलण्यानंच त्यांना काही झालं तर?

मुलगी : आई, मी सांगू? मला पत्र पाठ आहे.

आई : ...आधी मला म्हणून दाखव.