मी शिष्ट नाही हो!

...आणि वर मलाच शिष्ट म्हणतात! मला! अख्खं मुलुंड म्हणतंय, "नंदकुमारला फोर्टात नोकरी काय लागली, ओळखच दाखवत नाही!" अहो, गेल्या वर्षापर्यंत मला चार घरांपलीकडच्या गच्चीवरचा पतंग दिसायचा, आणि यंदा बघतो तर दहा पावलांवरची माणसंसुद्धा ताकात बुडवून काढल्यासारखी! तुम्हाला सांगतो, मी शिष्ट नाही हो, मला दिसत नाही!

डॉक्टरांकडे गेलो. डोळ्यात बॅटरी मारून म्हणाले, "चष्मा लागला. चार-पाच वर्षं वाढेल, मग बहुतेक थांबेल." बहुतेक! म्हटलं, "कितीपर्यंत वाढेल?" तर म्हणे, "ते दर सहा महिन्यांनी बघू." तुम्ही बघाल हो, मी कशानं बघू?

बरं, चष्मा केला. तर आई! "नंद्या, उत्तराशी तुझं ठरतंय, अजून सुपारी फुटली नाही, आणि तू नाकावर काचा चढवून हिंडणार? उद्या म्हणतील, मुलात खोट आहे! अक्षता पडेपर्यंत चष्मा खिशात!" म्हणजे बघा, नजर खिशात आणि मी रस्त्यावर!

उत्तराचे वडील श्यामकांतराव राहतात दोन गल्ल्या सोडून. धोतर, कोट, काळी टोपी. आता मुलुंडात धोतर, कोट, काळी टोपी कोण घालत नाही? पोस्टमास्तर तसेच, किराणावाले शेठ तसेच! बाजारात म्हणे मी त्यांच्या अगदी समोरून गेलो. लगेच निरोप, "जावई आत्ताच ओळख देत नाहीत, पुढे काय करतील? आम्हाला विचार करावा लागेल." विचार! अहो, बघायला गेलो होतो तेव्हा पोह्यांची बशी द्यायला उत्तरा जवळ आली ना, तेव्हा तेवढी एकच गोष्ट मला स्वच्छ दिसली, आणि तेव्हापासून डोळ्यांपुढून हलत नाही... ती हातची जाणार? का, तर मी शिष्ट!

मग ठरवलं, टोपी दिसली की नमस्कार! पोस्टमास्तरांना, शेठना, लाँड्रीबाहेर टांगलेल्या कोटालासुद्धा! आणि एक दिवस समोरून घोळका आला, फुलं दिसली, हार दिसले, म्हटलं कुणाची तरी वरात. तोंडभर हसलो, हात जोडले, "वा वा! आम्हाला बोलावणं नाही वाटतं?" जवळ आले तर... अंत्ययात्रा! आणि गेलेले कोण? श्यामकांतरावांचे मामा! वाट लागली!

चार दिवसांनी आईला न विचारता चष्मा चढवला आणि त्यांच्या दारात उभा राहिलो. "मी शिष्ट नाही हो, मला दिसत नाही!" तर श्यामकांतरावांनी काय म्हणावं? "अच्छा, आता चष्म्याची ऐट!" रडायचाच बाकी होतो, तेवढ्यात आतून उत्तरा आली. "बाबा, खरंच दिसत नाही त्यांना. मला बघायला आले होते ना, तेव्हा निघताना कोपऱ्यातल्या गुंडाळलेल्या गादीला आजी समजून वाकून नमस्कार केला त्यांनी."

"मग तेव्हाच बोलली का नाहीस?"

"तुम्ही नाही म्हणाला असतात ना..."

फुटली हो सुपारी! पण श्यामकांतराव इतके विरघळले, इतके विरघळले, की दारोदार सांगत सुटले, "आमच्या जावयांना दिसत नाही, भेटले की आधी आपलं नाव सांगा!" झालं! आता मी घराबाहेर पाऊल टाकलं की, "नंदकुमार, मी पोस्टमास्तर!" "इकडे डावीकडे, मी शेठ!" "पुढे गाय आहे, जपून!" नाकावर चष्मा आहे, गाईची शिंगं दिसताहेत, शेपटीवरची माशी दिसतेय, मी घसा फोडून ओरडतोय, "अहो, मला दिसतं हो!" तर बायका हळहळतात, "बिचारा, किती धीराचा!"

काल डॉक्टरांकडे गेलो होतो. नंबर वाढलाय. मग म्हटलं, जाऊ दे, ओरडू देत बापडे... सहा महिन्यांनी उपयोगच होईल.